पहिली खेळी मूळ नियमांनी की मॉड लावून?

एसटीची लालपरी इंडोनेशियातल्या रस्त्यांवरून धावते, असे कुणी सांगितले तर हसू येईल. पण मोबाइलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ खेळणाऱ्या मुलांना त्यात नवल वाटत नाही. मालेओ या इंडोनेशियन कंपनीने २०१७ मध्ये आणलेल्या या गेममध्ये बस चालवायची, वाटेत प्रवासी घ्यायचे आणि ठरल्या ठिकाणी पोचवायचे, एवढेच काम असते. बाहेरच्या कुणी तयार केलेली गाडी गेममध्ये टाकण्याची सोय कंपनीनेच ठेवली आहे. त्या सोयीचा फायदा घेऊन हौशी मुलांनी लालपरीपासून शिवशाहीपर्यंत एसटीच्या गाड्या तयार केल्या. पेणच्या किंवा रोह्याच्या स्टँडवर रोज दिसणारी गाडी मग पडद्यावर परदेशी रस्त्याला लागते.

मूळ गेममध्ये बाहेरून केलेला असा बदल म्हणजे ‘मॉडिफिकेशन’, थोडक्यात मॉड. नवा गेम हाती आला की मुलांमध्ये पहिला वाद हाच होतो: आधी आहे तसा खेळायचा, की मॉड लावूनच सुरुवात करायची? घरातल्या मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण शिकण्याची गोडी, डोळ्यांवर आणि मेंदूवर येणारा ताण आणि आईवडिलांच्या फोनमधले बँक खाते, या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तराशी जोडलेल्या आहेत.

सगळे मॉड सारखे नसतात

मॉड म्हणजे लबाडी, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या गेमवर हौशी खेळाडूंनी केलेल्या मॉडमधून ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्माला आला. गावोगावच्या कट्ट्यांवर पोचलेल्या पब्जीचे मूळही मॉडमध्येच आहे. ब्रेंडन ग्रीन यांनी ‘आर्मा २’ या गेमसाठी ‘बॅटल रॉयल’ हा मॉड केला आणि त्याच कल्पनेवर पुढे २०१७ मध्ये पब्जी उभा राहिला.

ढोबळमानाने मॉडचे चार प्रकार पडतात. पहिला दुरुस्तीचा. २०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ हा गेम संगणकावर आला, तेव्हा त्याचे चित्र मोठ्या पडद्यावर धूसर दिसत होते. पेटर थोमान यांनी केलेल्या छोट्या मॉडने ते स्पष्ट झाले. गेमचे नियम मात्र तसेच राहिले. दुसरा प्रकार सोयीचा: अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे, कॅमेऱ्याचे हलणे कमी करणे. तिसरा सजावटीचा, म्हणजे आपली लालपरी. चौथा प्रकार खेळाचे नियमच बदलणारा: संपत नाहीत अशी नाणी, मरत नाही असा नायक, पहिल्या मिनिटाला मिळणारी सर्वात भारी तलवार.

पहिल्या खेळीचा खरा प्रश्न या चौथ्या प्रकाराचा आहे.

मेंदूला आयते आवडत नाही

लंडनमध्ये १९९८ मध्ये आठ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांना रणगाडा चालवून झेंडे गोळा करण्याचा गेम खेळायला दिला आणि खेळताना त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन घेतले. खेळताना मेंदूत डोपामाइन हे रसायन जास्त प्रमाणात स्रवते, आणि ज्यांनी वरची पातळी गाठली त्यांच्यात हा बदल अधिक होता, असे त्यात दिसले. ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

पण डोपामाइन म्हणजे नुसता ‘आनंदाचा रस’ नव्हे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात संदेश देत. तोच रस ठरलेल्या खुणेनंतर दर वेळी मिळू लागला, की रस मिळतानाचा तो प्रतिसाद मावळत जाई. म्हणजे या पेशी बक्षिसाचे मोजमाप ठेवण्यापेक्षा, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक टिपतात. त्यातूनच मेंदू शिकतो.

यावरून नाण्यांच्या मॉडचे काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो. कष्टाने जमवलेल्या शंभर नाण्यांतून पहिली गाडी घेताना जी हुरहूर असते, ती दहा कोटी नाणी आधीच खात्यात असताना उरत नाही. मुलगा तासाभरात सगळ्या गाड्या घेतो आणि दुसऱ्या दिवशी गेम काढून टाकतो. ‘याचे कशातच लक्ष लागत नाही’ अशी घरात तक्रार होते, पण लक्ष लागावे असे त्या गेममध्ये काही उरलेलेच नसते.

शिकण्याच्या बाबतीतही हेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बिऑर्क यांनी १९९४ मध्ये ‘हितकारक अडचणी’ अशी कल्पना मांडली. शिकताना थोडे अडखळायला लावणाऱ्या गोष्टींमुळे वेग मंदावतो, पण शिकलेले जास्त काळ टिकते. मात्र त्यांनी एक अटही घातली. ती अडचण शिकणाऱ्याला पार करता येण्याजोगी असली पाहिजे. नसेल, तर ती हितकारक राहत नाही, नुसती अडचण उरते.

मॉडच्या अतिरेकाची दुसरी बाजूही आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या सिद्धान्तानुसार, नवशिक्याच्या कार्यस्मृतीत, म्हणजे त्या क्षणी मनात धरून ठेवण्याच्या जागेत, फार थोडे मावते. ‘स्कायरिम’सारख्या गेमसाठी हजारो मॉड मिळतात. पहिल्याच दिवशी त्यातले चाळीस लावले, तर मूळ गेमचे कोणते आणि मॉडचे कोणते, हेच कळत नाही. काही बिघडले तर कशामुळे बिघडले, हेही सापडत नाही. सुट्टीचे दोन दिवस खेळण्याऐवजी जुळवाजुळवीत जातात.

गाडी लागते तसा गेम लागतो

वर सांगितलेला सल्ला सगळ्यांना सरसकट लागू केला, तर मात्र अन्याय होईल. घाटात एसटीत बसून मोबाइल पाहिला की अनेकांना मळमळते. आपण त्याला गाडी लागणे म्हणतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘शरीर हलते आहे’ असे सांगतो, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे ‘काही हलत नाही’ असे सांगतात. गेममध्ये हेच उलटे होते. डोळ्यांना धावपळ दिसते, शरीर मात्र खुर्चीत असते. डोके जड होणे, घाम सुटणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. कॅमेऱ्याचे हिंदकळणे बंद करणे, हालचालीतला धूसरपणा काढणे, दिसणारा परिसर थोडा रुंद करणे, यांनी अनेकांना आराम पडतो. गेमच्या सेटिंगमध्ये ही सोय नसेल, तर मॉड हाच उपाय उरतो. अशा मुलाने ‘आधी सवय होऊ दे’ म्हणून मळमळ सोसत खेळण्यात कसलेही शहाणपण नाही.

लाल-हिरव्या रंगातला फरक न कळणाऱ्यांचेही तसेच. हा दोष बहुधा एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच जास्त आढळतो. शत्रू लाल आणि मित्र हिरवा दाखवणाऱ्या गेममध्ये असा मुलगा सारखा हरतो आणि मठ्ठ ठरतो. रंग बदलणारा मॉड त्याला इतरांच्या रांगेत आणून उभा करतो. घरच्यांनीही इथून एक धागा उचलावा: मुलगा खेळात वारंवार रंगच चुकत असेल, तर एकदा डोळे तपासून घ्यावेत.

झगमगाटाचा मुद्दा याहून गंभीर आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग टीव्हीवर लागला. त्यात लाल-निळा प्रकाश वेगाने उघडझाप करत होता. त्या संध्याकाळी ६८० हून अधिक प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यात बहुतेक मुले होती. प्रकाशाच्या अशा उघडझापीने काहींना फिट येऊ शकते. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी झगमगाट कमी करणारी सोय पहिल्या क्षणापासून वापरावी आणि खेळण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. दृश्ये अधिक चकाचक करणारे मॉड याच कारणाने त्यांच्यासाठी धोक्याचे असतात.

एका गेमने बदललेली सूचना

२०१८ मध्ये आलेला ‘सेलेस्ट’ हा गेम फार अवघड म्हणून ओळखला जातो. त्याच्या निर्मात्यांनी गेममध्येच एक सहायक सोय दिली. वेग कमी करता येतो, दम न संपण्याची व्यवस्था करता येते, मरण टाळता येते. मॉड जे बाहेरून करतात, ते इथे आतूनच मिळाले. ती सोय सुरू करताना सुरुवातीला अशी सूचना दिसे, की अवघडपणा हा या गेमचा गाभा आहे, त्यामुळे पहिल्यांदा या सोयीशिवाय खेळावे.

ही सूचना अपंग खेळाडूंना खटकली. ज्याची बोटे वेळेवर वळत नाहीत, त्याच्यासाठी ‘पहिल्यांदा तसेच खेळा’ याचा अर्थ ‘खेळू नका’ असाच होतो. २०१९ मध्ये निर्मात्यांनी तो मजकूर बदलला. आव्हानाचा अनुभव मूळ गेममधून मिळत नसेल, तर तो या सोयीसह मिळावा, असा नव्या मजकुराचा सूर होता. ‘पहिल्यांदा’ हा शब्द त्यातून गेला.

पेणच्या गणपती कारखान्यांत हे तत्त्व फार जुने आहे. नव्या हाताला आधी घासकाम देतात, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडे असते. मधल्या पायऱ्या गाळून कुणी आखणीला बसत नाही. पण एखाद्याचा हात मूर्तीपर्यंत पोचत नसेल आणि त्याला पाट दिला, तर त्याला लबाडी कुणी म्हणत नाही. पाट दिल्यानेच तो शिकू लागतो. मूर्ती दुसऱ्याने करून दिली, तर मात्र शिकणे होत नाही. मॉड लावताना एवढेच पाहायचे: हा पाट आहे, की आयती मूर्ती?

‘मॉड एपीके’पासून सावध

बोलताना आणखी एका गोष्टीला मॉड म्हटले जाते, ती म्हणजे ‘मॉड एपीके’. बस सिम्युलेटरमध्ये लालपरी टाकताना मूळ अ‍ॅप तेच राहते, त्यात फक्त गाडीची फाइल उघडली जाते. मॉड एपीकेमध्ये अख्खे अ‍ॅपच कुणा अनोळखी माणसाने फोडून बदललेले असते. ‘सगळे फुकट, सगळे खुले’ असे सांगून ते टेलिग्रामवरून किंवा एखाद्या लिंकवरून पसरते. ते बसवण्यासाठी फोनची सुरक्षा बंद करायला सांगितले जाते. अशा अ‍ॅपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली आणि मुलाने घाईत ती दिली, तर बँकेचा ओटीपी तिसऱ्याच्या हाती पडू शकतो. अनेक घरांत मुले खेळतात तो फोन आणि यूपीआयचा फोन एकच असतो.

नावाजलेली ठिकाणेही पूर्ण निर्धोक नाहीत. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या मॉडसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्सफोर्ज या संकेतस्थळावर काही मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ हा घातक प्रोग्राम सापडला. तो संगणकातले पासवर्ड चोरत असे. म्हणून नुकताच आलेला मॉड लगेच उतरवू नये. बऱ्याच लोकांनी बराच काळ वापरलेला मॉड निवडणे बरे. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. मुलगा रागाच्या भीतीने लपवत बसला, तर तेच तास वाया जातात. त्यामुळे ‘चूक झाली तर आधी सांग’ हे घरात आधीच बोलून ठेवावे.

पहिल्या खेळीआधी

• आधी गेमचे स्वतःचे सेटिंग पाहावे. अक्षरांचा आकार, रंग, कॅमेरा यांची सोय बऱ्याच गेममध्ये असते, मॉडची गरजच पडत नाही.

• दिसणे, ऐकणे, हात चालणे, मळमळ अशी अडचण असेल, तर ती दूर करणारा मॉड पहिल्या दिवसापासून लावावा. त्यात कमीपणा नाही.

• गेम नीट चालत नसेल, तर दुरुस्तीचा मॉड लावावा. सजावटीचा लावायचा असेल, तर एखादाच.

• नाणी, ताकद, अमरपण देणारे मॉड पहिल्या खेळीत टाळावेत. एकाच जागी बरेच दिवस अडून खेळच सुटत असेल, तर तेवढ्यापुरती मदत घ्यावी आणि पुढे काढून टाकावी.

• इतरांशी ऑनलाइन खेळताना असा मॉड लावू नये. ती समोरच्याची फसवणूक असते आणि खातेही बंद होऊ शकते.

• मॉड एपीके कधीच नको.

गेम एकदा पुरा झाला, की मग मॉडचे दार मोकळे आहे. मूळ खेळ अंगवळणी पडलेला असला, की बदलात काय गंमत आहे तेही कळते. आणि लालपरी रंगवता रंगवता एखादी मुलगी त्रिमितीय चित्रकला किंवा प्रोग्रामिंग शिकू लागली, तर खेळातून याहून चांगले काय निघावे?