सौर पॅनेलची प्रकृती सांगणारा वक्र

शेतीपंपासाठी सौर ऊर्जेचा वापर आता प्रयोगापुरता राहिलेला नाही. केंद्र शासनाची २०१९ मधील ‘पीएम-कुसुम’ योजना आणि महाराष्ट्र शासनाची २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे सौर पॅनेल शेताच्या बांधापर्यंत पोहोचले आहे. पॅनेल बसविणे ही पहिली पायरी होय. ते वर्षानुवर्षे पुरेशी वीज देते की नाही, याची पारख करणे ही दुसरी. पाणी कमी येऊ लागले, तर दोष विहिरीचा, पंपाचा की पॅनेलचा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पॅनेलपुरते याचे उत्तर एका वक्ररेषेत दडलेले असते.

वक्र कसा वाचावा?

पॅनेलवरील भार पायरीपायरीने बदलून प्रत्येक वेळी विद्युत् दाब व प्रवाह मोजतात आणि ते आकडे आलेखावर मांडतात. दाब कमी असताना प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. पुढे एक वळण येते आणि प्रवाह झपाट्याने शून्यावर उतरतो. या वळणापाशीच पॅनेल सर्वाधिक शक्ती देते. आतील जोड गंजले वा सैल झाले की श्रेणीरोध वाढतो आणि उताराचा कडा कलंडतो. पॅनेलच्या आत विजेची गळती होऊ लागली, म्हणजे समांतर रोध घटला, की सुरुवातीचा सपाट भाग तिरपा होतो.

समीकरणातील गाठ

या वक्राचे प्रचलित समीकरण पाच अज्ञात राशींवर उभे आहे : प्रकाशजन्य प्रवाह, डायोडचा संपृक्त प्रवाह, आदर्शता गुणांक, श्रेणीरोध आणि समांतर रोध. प्रकाशजन्य प्रवाहातून डायोडमधून जाणारा प्रवाह व गळती वजा केली की बाहेर मिळणारा प्रवाह येतो. परंतु या दोन्ही वजावटी आतील दाबावर अवलंबून असतात आणि आतील दाब बाहेर मिळणाऱ्या प्रवाहावर. म्हणजे प्रवाह काढण्यासाठी प्रवाहच आधी ठाऊक हवा! पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तसा हा प्रकार आहे. अशा समीकरणास अव्यक्त समीकरण म्हणतात.

ही गाठ अंदाज आणि दुरुस्ती यांच्या आवर्तनाने सुटते. शिक्षकांना वर्गात याचे सोपे प्रात्यक्षिक दाखविता येईल. गणकयंत्र रेडियन मापात ठेवून १ हा अंक घ्यावा व कोज्येची कळ पुनःपुन्हा दाबावी. ०.५४०, ०.८५८, ०.६५४ असे हेलकावे घेत उत्तर ०.७३९ वर स्थिरावते. स्वतःच्या कोज्येएवढी असलेली संख्या ती हीच. न्यूटन-रॅफसन पद्धती हेच काम सामान्यतः बऱ्याच कमी आवर्तनांत करते.

दुहेरी आवर्तन

वक्र जुळविताना अशी दोन आवर्तने एकात एक चालतात. आतले आवर्तन गृहीत पाच राशींवरून प्रत्येक दाबाचा प्रवाह काढते. बाहेरचे आवर्तन तो मोजलेल्या प्रवाहाशी ताडून पाहते आणि फरकांच्या वर्गांची बेरीज कमी होईल अशा रीतीने राशी बदलते. न्यूनतम वर्गांची ही कल्पना लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. अरेषीय वक्रांसाठी लेव्हनबर्ग यांनी १९४४ मध्ये व मार्क्वार्ट यांनी १९६३ मध्ये तिला आजचे उपयुक्त रूप दिले.

१९८६ मध्ये अमेरिकेतील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या संस्थेने आणलेल्या ‘लॅबव्ह्यू’ प्रणालीत हे काम ओळी लिहून नव्हे, तर चित्र जोडून करता येते. पडद्यावर चौकटी मांडून त्या तारांनी जोडावयाच्या. लागणारी सर्व माहिती पोहोचली की चौकट आपले काम करते. वक्र जुळविण्याची चौकट तयार मिळते. दाबावरून प्रवाह काढणारी, म्हणजे आतले आवर्तन असलेली चौकट मात्र आपणच तयार करून तिला जोडावी लागते. उजव्या बाजूस मोजलेलाच प्रवाह घालून आतले आवर्तन टाळता येते. पण मग मोजणीतील चूक दोन्ही बाजूंना शिरते. म्हणून ही जवळची वाट पहिल्या अंदाजापुरतीच वापरणे इष्ट.

दक्षता

पहिला अंदाज विचारपूर्वक द्यावा. शून्य दाबाजवळील प्रवाह हा प्रकाशजन्य प्रवाहाचा चांगला अंदाज ठरतो. संपृक्त प्रवाह अतिसूक्ष्म असल्याने त्याचा लॉगॅरिथम घेणे सोयीचे. रोध ऋण आला, तर रेषा कितीही सुबक जुळो, उत्तर त्याज्य समजावे. पॅनेलच्या काही भागावर सावली असल्यास वक्रात पायऱ्या दिसतात. तेथे हे एकेरी समीकरण लागू पडत नाही. तसेच ऊन व तापमान यांची नोंद नसेल, तर दोन वक्रांची तुलना व्यर्थ होय. प्रमाण चाचणी चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश व २५ अंश सेल्सिअस तापमान धरून होते, ती याच कारणासाठी.

पॅनेल बसविताना त्याचा पहिला वक्र मोजून जपून ठेवला, तर पुढील प्रत्येक तपासणीस आधार मिळेल. जवळच्या तंत्रनिकेतनाच्या साहाय्याने ग्रामपंचायतींना अशी नोंद ठेवता येण्यासारखी आहे. संगणक रेषा जुळवून देतो. ती रेषा खरी की नुसती देखणी, हा निर्णय मात्र जाणत्या माणसानेच घ्यावयाचा असतो.