शीतयंत्रातील अवशीतन : मोजक्या अंशांचे मोल

चिंचवडलगतच्या पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन आम्लधर्मी द्रावणात उबेने झपाट्याने नाश पावते. म्हणून ते वेगळे काढताना द्रावण थंड राखणे अपरिहार्य असते. दूध, लस व फळे यांनाही गारव्याचाच आधार लागतो. हा गारवा कमी खर्चात मिळावा, यासाठी शीतयंत्रातील ज्या क्रियेकडे लक्ष द्यावे लागते, तिला 'अवशीतन' म्हणतात.

शीतयंत्रात शीतक नावाचा पदार्थ सतत फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो. कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होते. पुढे झडपेतून जाताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि थंड कोठीच्या नळ्यांत तो उकळून भोवतालची उष्णता शोषून घेतो. ठरावीक दाबाला वाफेचा द्रव ज्या तापमानाला होतो, ते संपृक्त तापमान. द्रव झालेल्या शीतकाला त्याहूनही काही अंश थंड करणे म्हणजे अवशीतन होय.

'आर-134ए' हा शीतक 40 अंश सेल्सिअसला द्रवरूप होऊन उणे 10 अंशांना उकळत असेल, तर झडप ओलांडताच त्याचा सुमारे तिसरा हिस्सा वाफ होतो. उरलेला द्रव थंड करण्यातच हा हिस्सा खर्ची पडतो. तोच द्रव आधी 35 अंशांपर्यंत थंड केल्यास हा हिस्सा 30 टक्क्यांच्या आसपास येतो आणि दर किलोग्रॅम शीतकामागे मिळणारा गारवा सुमारे 5 टक्क्यांनी वाढतो.

अवशीतन पुरेसे नसेल, तर द्रवाच्या नळीत बुडबुडे होतात व झडपेला पुरेसा द्रव मिळत नाही. अशा वेळी बहुधा शीतक कमी झालेला असतो. नुसता गॅस भरण्याऐवजी आधी गळती शोधणे इष्ट, कारण आर-134ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापकारक आहे. अशा वायूंचा वापर घटविण्याच्या किगाली दुरुस्तीस भारताने 2021 मध्ये मान्यता दिली. उलटपक्षी शीतक प्रमाणाबाहेर भरल्यास द्रव कंडेन्सरमध्ये तुंबतो, दाब चढतो आणि वीज अधिक लागते.

म्हणून दूध शीतकरण केंद्र वा शीतगृह चालविणाऱ्या संस्थांनी कंडेन्सर धुळीपासून स्वच्छ व हवेशीर ठेवावा आणि देखभालीच्या वेळी तंत्रज्ञाकडून अवशीतन मोजवून त्याची नोंद वहीत ठेवावी. दाबमापकावरून संपृक्त तापमान काढून त्यातून द्रवाच्या नळीचे तापमान वजा केले की ते मिळते. या नोंदींतील फरक नासाडी होण्याआधीच बिघाडाची सूचना देतो.