एका कंपनीत घर आणि गाडी: अमेरिकेतल्या ‘बंडल’ विम्याचा हिशेब

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस मध्य न्यू जर्सीवर कोसळला आणि आमची गाडी व बेसमेंट एकाच पाण्यात बुडालं. ड्राइव्हवेतल्या गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. खाली बेसमेंटमध्ये मखराचे खोके नुकतेच काढून ठेवले होते, कारण गणपती नऊ दिवसांवर आले होते. थर्माकोलचे खांब, झिरमिळ्या, मुलांची पुस्तकं, सोफ्याच्या उशा, सगळं तरंगत होतं.

घर आणि गाडी, दोन्हींचा विमा एकाच कंपनीचा होता. एकाच एजंटने, एकाच फोनवर दिलेला. गाडीचे पैसे महिन्याभरात मिळाले. बेसमेंटसाठी एक डॉलरही मिळाला नाही. यात कंपनीने फसवलं असं नाही, पॉलिसीत लिहिलं होतं तसंच झालं. पण विमा घेताना मी फक्त सवलतीचा आकडा पाहिला होता, आणि पॉलिसीत काय लिहिलंय ते पाणी ओसरल्यावर वाचलं. नव्याने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हे आधी कळावं, म्हणून हा लेख.

बंडल म्हणजे नेमकं काय

घराचा आणि गाडीचा विमा एकाच कंपनीकडून घेतला की कंपनी एका किंवा दोन्ही पॉलिसींवर सवलत देते. त्याला बंडल किंवा मल्टी-पॉलिसी डिस्काउंट म्हणतात. पॉलिसी मात्र दोनच राहतात. दोन करार, दोन डिडक्टिबल, दोन वेगळे नियम. ‘सगळं एकत्र आहे’ असं वाटतं ते फक्त बिलावर.

कंपनीला यातून काय मिळतं? दोन पॉलिसी असलेला ग्राहक सहसा सोडून जात नाही. शेदोनशे डॉलर स्वस्त मिळतंय म्हणून दोन्हीकडची कागदपत्रं हलवायचा बहुतेकांना कंटाळा येतो. सवलत त्या चिकटून राहण्यासाठी असते, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी मिळालेला भाव चौथ्या वर्षीही परवडतोय का, हे आपणच तपासायचं असतं.

अमेरिकेत विम्यावर देखरेख राज्यांची असते. १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते पक्कं झालं. प्रत्येक राज्याचे दर आणि सवलती वेगळ्या. डॅलसच्या मावसभावाला वीस टक्के सवलत मिळाली म्हणून एडिसनला तीच कंपनी तेवढीच देईल असं नाही.

टक्के नको, बेरीज बघा

‘बंडलवर किती टक्के सुटतात?’ हा प्रश्न आपण सगळे आधी विचारतो. खरा प्रश्न वेगळा आहे: तेवढ्याच कव्हरेजसाठी दोन्ही विम्यांचे मिळून वर्षाला किती डॉलर जाणार?

समजण्यापुरते आकडे घेऊ. एका कंपनीत गाडीचा मूळ दर २,४०० डॉलर आणि घराचा २,३००. बंडल केलं की गाडीवर दहा टक्के आणि घरावर वीस टक्के सूट. गाडी २,१६० ला आली, घर १,८४० ला, एकूण ४,०००. दुसऱ्या एका कंपनीत नुसती गाडी १,९८० ला मिळते आणि तिसऱ्या कंपनीत नुसतं घर १,७५० ला. एकूण ३,७३०. वीस टक्के सवलत घेणारा इथे २७० डॉलर जास्त भरतो. हे नेहमीच होतं असं नाही, बऱ्याचदा बंडलच स्वस्त पडतं. पण बेरीज केल्याशिवाय ते कळत नाही.

यात एक फसगत फार जणांची होते. गाडीची पॉलिसी बहुधा सहा महिन्यांची असते आणि घराची वर्षाची. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. गाडीचा आकडा दुप्पट न करता बेरीज केली की बंडल अगदी स्वस्त दिसतं.

दुसरी गोष्ट डिडक्टिबलची, म्हणजे नुकसान झाल्यावर आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. नवीन कंपनीचा भाव कमी का आला, हे शोधलं की कधी कधी तिथेच सापडतं: जुन्या पॉलिसीत हजार डॉलर होते, नव्यात अडीच हजार झालेत. टेक्ससमध्ये वारा आणि गारपिटीसाठी हे डिडक्टिबल बऱ्याचदा टक्क्यांत असतं. पाच लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे छप्पर गेल्यावर पहिले दहा हजार आपले. फ्रिस्को-प्लेनोकडच्या मंडळींनी हा आकडा डॉलरमध्ये लिहून घ्यावा, टक्क्यांत वाचून तो जाणवतच नाही.

तुलना करायला सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे प्रत्येक पॉलिसीचं पहिलं पान, डेक्लरेशन्स पेज. जुनं आणि नवं पान जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवायचं आणि ओळीओळीने बोट फिरवायचं. घराची रक्कम, सामानाची रक्कम, लायबिलिटी (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई), डिडक्टिबल. अर्धा तास लागतो. घराची रक्कम म्हणजे बाजारभाव नव्हे, घर नव्याने बांधायचा खर्च. जमीन जळत नाही, तिचा विमा लागत नाही.

भाड्याच्या घरातल्यांसाठी

नोकरीवर नव्याने आलेलं जोडपं अपार्टमेंटमध्ये राहत असेल तर त्यांनी रेंटर्स इन्शुरन्स नक्की घ्यावा. घरमालकाचा विमा भिंतींचा असतो. आपले लॅपटॉप, कपडे, भांडीकुंडी त्यात येत नाहीत, आणि आपल्या हातून आग लागली तर शेजाऱ्यांच्या नुकसानीची भरपाईही येत नाही. ही पॉलिसी बहुतेक ठिकाणी महिन्याला पंधरा-वीस डॉलरची असते. ती गाडीच्या कंपनीकडेच घेतली तर गाडीवरच्या सवलतीतून तिचा बराचसा खर्च निघतो. बंडलचा इतका सरळ फायदा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

गाडीचा दर नवीन माणसाला तसाही जड जातो, कारण इथला ड्रायव्हिंगचा इतिहास नसतो आणि क्रेडिट स्कोअरही कोवळा असतो. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई ही राज्यं गाडीच्या विम्यात क्रेडिटचा विचार करू देत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणी तो होतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर नूतनीकरणाला नव्याने कोटेशन मागवावं. स्कोअर सुधारला तरी जुनी कंपनी आपणहून फोन करून दर कमी करेल, या भरवशावर राहू नये.

बंडलची खरी ताकद: अंब्रेला

माझ्या मते एकाच कंपनीत राहण्याचं सगळ्यात भक्कम कारण सवलत नाही, अंब्रेला पॉलिसी आहे. गाडीच्या आणि घराच्या लायबिलिटीच्या वर आणखी एक छत्र. साधारण दहा लाख डॉलरपासून ती सुरू होते आणि वर्षाला काहीशे डॉलरमध्ये मिळते. आपल्या गाडीने कुणी जबर जखमी झालं, किंवा आपल्या अंगणात कुणी पाय घसरून पडलं आणि दावा ठोकला, तर मूळ पॉलिसीची मर्यादा संपल्यावर ही कामाला येते.

न्यू जर्सीत २०२६ च्या १ जानेवारीपासून गाडीच्या लायबिलिटीची कायद्याने किमान मर्यादा एका जखमी माणसामागे ३५,००० आणि एका अपघातामागे ७०,००० डॉलर आहे. इथल्या हॉस्पिटलांची बिलं पाहिलेल्या कुणालाही ३५ हजार पुरेसे वाटणार नाहीत. अंब्रेला देताना कंपनी आधी खालच्या मर्यादा वाढवायला लावते. गाडीवर बहुधा अडीच लाख आणि पाच लाख, घरावर तीन लाख. आणि अनेक कंपन्या गाडीचा विमा आपल्याकडेच असावा अशी अट घालतात. म्हणून इथे बंडल सोयीचं पडतं.

घरात सतरा वर्षांचं लेकरू गाडी शिकत असेल तर हा विषय पुढे ढकलू नका. मुलगी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेली त्या संध्याकाळी मी खिडकीतून हलले नव्हते. बंडलमध्ये वाचलेले पैसे आम्ही तेव्हापासून अंब्रेलाला लावतो.

आणखी एक सोय काही कंपन्यांत मिळते: एकाच गारपिटीत छप्पर आणि गाडी दोन्हींचं नुकसान झालं तर एकच डिडक्टिबल. कोटेशन घेताना हे मुद्दाम विचारावं.

कुठे वेगळं ठेवलेलं बरं

कॅलिफोर्नियात तर कधी कधी निवडच उरत नाही. राज्यातल्या सर्वांत मोठ्या घरविमा कंपनीने मे २०२३ मध्ये घरांच्या नव्या पॉलिसी देणं थांबवलं होतं. वणव्याच्या पट्ट्यातल्या अनेकांना फेअर प्लॅनकडे, म्हणजे कुणीच विमा देत नसताना मिळणाऱ्या शेवटच्या आधाराकडे जावं लागतं. तिथे गाडीचं बंडल होत नाही. अशा वेळी घर जिथे टिकेल तिथे टिकवावं आणि गाडीचा भाव स्वतंत्र पाहावा. तिथे १९८८ च्या प्रपोझिशन १०३ प्रमाणे चांगल्या ड्रायव्हरला किमान वीस टक्के सवलत द्यावीच लागते, ती घराच्या विम्यावर अवलंबून नसते.

इतर ठिकाणी छप्पर जुनं असेल, घर समुद्राजवळ असेल, किंवा गाडीवर नुकताच अपघात लागला असेल, तर दोन्हींत चांगला भाव देणारी एकच कंपनी मिळणं कठीण. तेव्हा अनेक कंपन्यांचं काम करणारा इंडिपेंडंट एजंट गाठावा.

या सवलतीत काय येत नाही

आता परत त्या रात्रीकडे. गाडीचे पैसे मिळाले ते कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हरेजमुळे. त्यात पूर, गारपीट, चोरी, अंगावर पडलेलं झाड, सगळं येतं. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत मात्र जमिनीवरून आत शिरलेल्या पुराच्या पाण्याची भरपाई नसते. एकच पाणी, पण गाडीच्या कागदावर ते नुकसान आणि घराच्या कागदावर अपवाद. हे मला पलंगावर बसून दोन्ही पॉलिसी समोर ठेवल्यावर समजलं.

पुरासाठी वेगळी पॉलिसी लागते. केंद्र सरकारची पूरविमा योजना १९६८ पासून आहे. घरासाठी तिची मर्यादा अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख. पॉलिसी घेतल्यापासून साधारण तीस दिवसांनी ती लागू होते, त्यामुळे टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसू लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. बेसमेंटच्या बाबतीत तीही हात आखडता घेते: फर्नेस, वॉटर हीटर असं काही मिळतं, सोफा आणि पुस्तकं नाहीत. गटारातून किंवा संप पंप बंद पडून पाणी उलटं वर आलं, तर त्यासाठी घराच्या पॉलिसीला ‘वॉटर बॅकअप’ची जोड मिळते. ती स्वस्त असते, मागावी लागते एवढंच.

आणि सोनं. घराच्या पॉलिसीत सामानासाठी लाखभर डॉलर दिसतात, पण दागिन्यांच्या चोरीला वेगळी मर्यादा असते, अनेक पॉलिसींत ती १,५०० डॉलरच्या आसपास. आईने दिलेल्या दोन पाटल्याही त्यात बसत नाहीत, तोडे आणि मंगळसूत्र तर दूरच. भारतीयांच्या घरांत सोनं असतं हे हेरून अनेक राज्यांत दरोडे घालणाऱ्या टोळीवर फेडरल कोर्टात खटलाही चालला आहे. दागिना नावानिशी पॉलिसीत नोंदवून घेता येतो, त्याला ‘शेड्यूल करणं’ म्हणतात. मग तो प्रवासात हरवला तरी सहसा भरपाई मिळते. पुण्याच्या सराफाची पावती जपून ठेवा, पण कंपनी बहुधा इथल्या जाणकाराचं मूल्यांकनही मागते. सोन्याचा भाव जसा चढतोय, ते दर दोन-तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावं लागतं. रोज न वापरायचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर काही कंपन्या दरही कमी लावतात.

डिसेंबरात भारतात जाताना घराचं हीटिंग पूर्ण बंद करू नका. पाइप गोठून फुटला आणि घर गरम ठेवलं नव्हतं असं दिसलं, तर भरपाई नाकारली जाऊ शकते.

कंपनी बदलताना

नवी पॉलिसी सुरू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनी रद्द करायची नाही. गाडी आणि घर दोन्ही हलवताना दोन तारखा वेगळ्या असतात, त्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्या. मुदतीच्या मध्येच सोडल्यावर बऱ्याच कंपन्या उरलेल्या दिवसांचे पैसे परत करतात, काही थोडे कापून घेतात. तेवढं आधी विचारून घ्यावं.

घरावर कर्ज असेल तर नव्या पॉलिसीत मॉर्गेज कंपनीचं नाव आणि लोन नंबर बरोबर लागला पाहिजे. तो चुकला आणि त्यांना घर विम्याशिवाय आहे असं वाटलं, तर ते स्वतःच एक पॉलिसी घेऊन आपल्या माथी मारतात. ती महाग असते आणि आपल्या सामानाला धरतही नाही.

शेवटची अडचण एस्क्रोची. नव्या विम्याचे पैसे मॉर्गेज कंपनी आपल्या एस्क्रो खात्यातून, म्हणजे मासिक हप्त्यातून त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरते, पण जुन्या कंपनीचा परताव्याचा चेक बहुधा आपल्या नावाने, आपल्या पत्त्यावर येतो. तो मिळालेला बोनस समजून खर्च झाला, की वर्षाच्या हिशेबात तेवढी तूट निघते आणि मासिक हप्ता चढतो. माझ्या एका मैत्रिणीला सहा महिने कळेना की व्याजदर तोच असताना हप्ता का वाढला. मी आता तो चेक त्याच आठवड्यात मॉर्गेज कंपनीकडे पाठवते, खालच्या ओळीत लोन नंबर आणि ‘एस्क्रोसाठी’ असं लिहून.