रुळांवर बसून गोव्याला निघालेले ट्रक

कोकण रेल्वेने जाताना एखाद्या स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबते आणि शेजारच्या रुळावर एक अजब मालगाडी दिसते. सपाट डब्यांवर एकामागे एक भरलेले ट्रक. ताडपत्री आवळलेली, आरशाला लिंबू-मिरची, केबिनमध्ये ड्रायव्हर निवांत आडवा. ट्रकचं इंजिन बंद आहे, चाकं जागची हलत नाहीत आणि तरी ट्रक गोव्याला निघालाय!

हिचं नाव रो-रो, म्हणजे रोल-ऑन, रोल-ऑफ. 1999 साली रायगडातलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी ती सुरू झाली, पुढे मंगळूरजवळच्या सुरतकलपर्यंत पोचली. धक्क्यावरून ट्रक स्वतःच्या पायांनी गाडीवर चढतो, चाकांना उटी लागते, साखळ्या आवळल्या जातात. उतरला की थेट गिऱ्हाइकाच्या दारात. हमाली नाही, माल उतरवून पुन्हा भरणं नाही.

यातली खरी जादू चाकाखाली आहे. रबरी टायर रस्त्यावर टेकतो तिथे दबतो, पुढे जाताच पुन्हा फुगतो. प्रत्येक फेऱ्यात हे चालूच, म्हणून टायर तापतो आणि डिझेलचा एक हिस्सा या तापण्यातच जातो. पोलादी चाक जवळपास दबतच नाही. कित्येक टन पेलणारं ते चाक रुळाला जेमतेम एखाद्या नाण्याएवढ्या जागेत टेकलेलं असतं! म्हणून तेवढंच वजन रुळावर ओढायला रस्त्याच्या पाचव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही कमी जोर पुरतो. रो-रोत ट्रकचं आणि डब्याचं वजनही वाहावं लागतं, त्यामुळे सगळा फायदा पदरात पडत नाही. तरी बराच पडतो.

शिवाय घाट. तो चढताना जाळलेलं डिझेल उतरताना ब्रेकच्या उष्णतेत उडून जातं. रेल्वे मात्र डोंगरावर चढण्याऐवजी त्याच्या पोटातून जाते. नव्वदच्या वर बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. चढ जवळपास सगळीकडे जास्तीत जास्त दीडशे मीटरला एक मीटर, इतका सौम्य.

आता एक हिशेब. लिटरभर डिझेलचं वजन किलोपेक्षा कमी, पण ते जळून सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे जास्तीचं वजन येतं हवेतून: डिझेलमधला कार्बनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो. ट्रकला लिटरमागे चार किलोमीटरचा ॲव्हरेज धरला, तर कोलाड ते वेर्णा या सुमारे 400 किलोमीटरला 100 लिटर, म्हणजे अडीच क्विंटलहून जास्त वायू. एका ट्रकचा, एका फेरीत!

2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. वीज तरी कोळशाचीच ना, असं कुणी म्हणेल. आज बहुतांशी हो. पण उद्या ती सूर्याची किंवा वाऱ्याची झाली, तर इंजिनातला एक स्क्रूही बदलावा लागणार नाही. डिझेलच्या टाकीचं तसं नाही.

मला रो-रो आवडते ती मात्र आणखी एका कारणासाठी. ट्रक गाडीवर बसला तरी ट्रकच राहतो. जुलै 2024 मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली आणि रेल्वे दिवसभर ठप्प झाली. अशा वेळी ज्याचा माल ट्रकमध्येच आहे, त्याला हायवे धरता येतो. घाट बंद झाला तर उलट रेल्वे आहे. एकाच वाटेवर सगळी भिस्त ठेवणाऱ्याला ही सोय नाही. अर्थात कोकणचा पाऊस दोन्ही वाटा एकदम अडवू शकतो. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला वाशिष्ठीने हायवेचा पूलही तोडला आणि रेल्वेही थांबवली. म्हणून दरडींना जाळ्या, डोंगरउतारांवर राखण आणि गस्त घालणारी माणसं हवीत. त्यांच्यावरचा खर्च वायफळ मानू नये.

आणि आणखी रूळही हवेत. एकेरी मार्गावर प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाडी तासन् तास उभी राहते, मग घाईचा माल पुन्हा हायवेकडे वळतो. रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा पट्टा 2021 मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. तो दुहेरी करण्याचं काम आता आणखी लांबवू नका.