चौकट : उडती घार टिपताना

सरावासाठी घारीसारखा पक्षी नाही. पुण्यात ती बारमाही दिसते आणि घिरट्या घालत असल्याने ती पुढे कुठे येईल हे ताडता येतं. ऊन तापलं की वर चढणाऱ्या गरम हवेवर ती पंख न हलवता उंच जाते. पण तोवर सूर्य डोक्यावर आलेला असतो आणि पंखांची खालची बाजू काळी पडते. म्हणून सकाळीच वेताळ टेकडी गाठावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या माथ्यावर घार कधी कधी थेट नजरेसमोरून जाते.

शटर १/२००० सेकंद, फोकस सलग, लेन्स ४०० मिमी. पांढुरक्या आकाशाला कॅमेरा फसतो, तेव्हा एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवावं. वारा पाठीवर घ्यावा. वाऱ्याला तोंड देऊन तरंगणारा पक्षी मग तुमच्याकडे पाहत असतो.

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, मासे पकडणारा ऑस्प्रे येतो. तो पाय पुढे करून पाण्यावर झेपावतो. फोटोसाठी मांसाचे तुकडे फेकणारे काही महाभाग असतात. त्यांच्या बोटीत बसू नये. घरट्याजवळ तर कॅमेरा नेऊच नये.