कबड्डीतला दम

मित्रांनो, कबड्डी खेळायला काय लागते? कुणी म्हणेल, ताकद. ताकद हवीच, पण नुसत्या ताकदीवर भागत नाही. दम लागतो.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हा खेळ अनेकांच्या पोटापाण्याचा झाला. तिथला सामना ४० मिनिटांचा. एक चढाई फक्त ३० सेकंदांची. पण तेवढ्यात पळणे, वळणे, उडी, झटापट सगळे येते. परत आले की लगेच पकडीला उभे राहायचे. म्हणजे जोर लावून चटकन सावरणारे शरीर पाहिजे.

जोर लावला की स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. तो रक्तातून पोचवायला हृदय भराभर धडधडते. रोजच्या सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, मग धाप लवकर शमते. यालाच दम वाढणे म्हणतात.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. चढाई करणारा गर्रकन वळतो, तोच चार जण त्याला धरतात! मांड्या मजबूत असतील तर गुडघ्याला आधार मिळतो. म्हणून तालमीतल्या बैठका आजही कामाच्या आहेत, बरं का.

तरीही दुखापत होते. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार. १ मार्च २०२४ ला त्याच्या संघाने अंतिम सामना २८-२५ असा जिंकला. पुढच्याच हंगामात त्याचा गुडघा दुखावला, बाहेर बसावे लागले. २०२५ साली तो परतला आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. दुखरा पाय घेऊन खेळणे ही बहादुरी नव्हे. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे.

आपला दम असा मोजा. मैदानाला एक फेरी पळा. लगेच मनगटावर दोन बोटे ठेवून १५ सेकंद नाडीचे ठोके मोजा. दोन मिनिटे बसून पुन्हा मोजा. ठोके जितके जास्त उतरतील तितका दम चांगला. दर महिन्याला आकडे वहीत लिहा. दुसऱ्याशी नव्हे, स्वतःशीच तुलना करा.

पालकांनो, यासाठी महागडे डबे लागत नाहीत. भाकरी, डाळ, उसळ, मूठभर शेंगा आणि पुरेशी झोप एवढे पुरे. आपल्या सोलापूरच्या उन्हात दुपारी खेळू देऊ नका, पाणी भरपूर द्या. आणि मुलींनाही मैदानावर पाठवा. दम त्यांनाही हवाच की!