वस्तू बोलू लागतात : मोबाईलवर गोष्ट सांगणारं स्थिरचित्र



इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतलं ‘स्थिरचित्र’ अनेकांना आठवत असेल. टेबलावर घडा, फळं, मागे कापड, आणि समोर बसून रंगवायचं. तेच स्थिरचित्र आता आपण मोबाईलच्या कॅमेऱ्याने काढू शकतो. त्यातून मुलांना निरीक्षण, कल्पना आणि लेखन या तिन्ही गोष्टी एकत्र शिकवता येतात. मात्र वस्तूंचा फोटो वेगळा आणि गोष्ट सांगणारा फोटो वेगळा. हा फरक कसा पडतो ते आज पाहू.

थोडा इतिहास

छायाचित्रण नवं होतं तेव्हा एका फोटोला बराच वेळ लागायचा. माणूस हलला की चित्र पुसट व्हायचं. त्यामुळे न हलणाऱ्या वस्तू छायाचित्रकारांना सोयीच्या होत्या. इंग्लंडच्या टॅल्बट यांचं १८४४ मधलं ‘द ओपन डोअर’ हे चित्र प्रसिद्ध आहे. अर्धवट उघडं दार, त्याला टेकवलेला झाडू आणि भिंतीला कंदील त्यात दिसतात. माणूस कुठेच नाही, पण कोणीतरी आत्ताच झाडू ठेवून आत गेलंय असं वाटतं. पुढे १९२६ मध्ये आंद्रे केर्तेश यांनी पॅरिसमध्ये चित्रकार मोंद्रियान यांचा चष्मा आणि पाइप यांचा फोटो काढला. चेहरा न दाखवता काढलेलं ते त्या माणसाचंच व्यक्तिचित्र आहे.

यातून आपल्याला सूत्र मिळतं : माणूस दिसत नाही, पण त्याची खूण दिसते.

आधी गोष्ट, मग वस्तू

एक साधं उदाहरण घेऊ. बाकावर बंद स्टीलचा डबा ठेवला, तर तो फक्त डबा. झाकण उघडून बाजूला ठेवा, आत अर्धी तोडलेली पोळी ठेवा. आता कोणीतरी जेवत होतं. शेजारी एकाऐवजी दोन चमचे ठेवा. आता दोघं जण एका डब्यात जेवत होते! चमचा एकच वाढला, पण गोष्ट बदलली.

म्हणून वस्तू मांडण्याआधी मुलांना तीन प्रश्न विचारा :

१. हे कोणाचं आहे?
२. आत्ता इथे काय घडलं?
३. पुढे काय होईल?

तिन्हींची उत्तरं चित्रात दिसलीच पाहिजेत असं नाही. तिसऱ्याचं उत्तर बघणाऱ्यावर सोडलं तर जास्त मजा येते. मांडून झाल्यावर प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून विचारा, “ही काढली तर गोष्ट बिघडेल का?” बिघडत नसेल तर ती वस्तू उचला. मुलं हौसेने दहा वस्तू ठेवतात. पण तीन ते पाच पुरतात.

उजेड आणि मांडणी

• फ्लॅश आणि ट्यूबलाइट बंद करा. खिडकीशेजारी टेबल किंवा पाट ठेवा. उजेड बाजूने आला की सावली पडते आणि वस्तूची गोलाई दिसते. फ्लॅशचा उजेड समोरून पडतो, त्यामुळे सगळं सपाट दिसतं.
• ऊन कडक असेल तर खिडकीला पांढरी पातळ ओढणी लावा. सावली फार काळी वाटली तर खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डशीट उभा धरा.
• लांब सावली सकाळ-संध्याकाळ सुचवते. गोष्टीची वेळ उजेडानेही सांगता येते.
• मागे एकरंगी चादर किंवा साधी भिंत हवी. मागच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं तर गोष्ट हरवते.
• कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेषा सुरू करा. मुख्य वस्तू अगदी मधोमध न ठेवता रेषा एकमेकींना छेदतात तिथे ठेवून बघा. रिकामी जागा राहिली तर राहू द्या, वाट पाहणं किंवा एकटेपणा तीच दाखवते.
• काही वस्तू थोड्या एकमेकींआड ठेवा. ओळीत मांडल्या तर दुकानातल्यासारख्या दिसतात.
• लेन्स पुसून घ्या. मुख्य वस्तूवर बोट टेकवून फोकस करा. हात हलत असेल तर मोबाईल पुस्तकांच्या चवडीला टेकवून टायमर लावा.

एकच मांडणी वरून, समोरून आणि वस्तूंच्या उंचीवरून अशी तीनदा टिपा. कोणता फोटो गोष्ट नीट सांगतो ते मुलांनाच ठरवू द्या.

वर्गात करताना

चार-पाच जणांचा गट, एक मोबाईल आणि एक तास पुरतो. एका गटाने मांडायचं, फोटो काढायचा आणि गोष्ट सांगायची नाही. दुसऱ्या गटाने फोटो बघून पाच-सहा वाक्यं लिहायची. नंतर दोन्ही गोष्टी ताडून बघायच्या. वेगळ्या निघाल्या तर चूक कोणाचीच नाही. कोणत्या वस्तूमुळे तसं वाटलं, यावर बोलायचं. चित्रवर्णनात “चित्रात झाड आहे, चित्रात नदी आहे” असं लिहिणारी मुलंही इथे “कदाचित”, “बहुतेक”, “म्हणून” असे शब्द आपणहून वापरतात.

चौथीतल्या एका मुलाने दोन ताटं पालथी ठेवली होती आणि मधे चार्जिंगला लावलेला साधा फोन. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ. एरवी वर्गात फारसं न बोलणाऱ्या मुलाने नाव दिलं, ‘फोन आल्यावर जेवू’. मी त्याला जास्त काही विचारलं नाही. “ताटं पालथी ठेवलीस ते फार छान सुचलं,” एवढंच म्हटलं.

म्हणून एक विनंती. अशा फोटोंमध्ये मुलांचं घर येतं. “घरची महागडी वस्तू आणा” असं चुकूनही म्हणू नका. फुटकी पाटी, झिजलेली चप्पल यांच्याकडे गोष्टी जास्त असतात. खोदून विचारू नका. मुलाला आणि पालकांना विचारल्याशिवाय फोटो ग्रुपवर टाकू नका. नंबरही देऊ नका.

पालकांनो, हे रविवारी घरी सहज जमेल. घरातल्या एका माणसाची निवड करा आणि त्याचा चेहरा न दाखवता, फक्त तीन वस्तूंतून त्याचं चित्र मुलाला मांडायला सांगा. मूल तुमच्याच तीन वस्तू निवडेल तेव्हा कोणत्या निवडतं ते जरूर बघा. त्यात मोबाईल आहे का, हेही!